प्रभागाची रेघ: सांगलीच्या नकाशामागचा इतिहास

प्रभागरचनेचा आराखडा लागला की सांगली-मिरजेत पहिला प्रश्न एकच: आमची गल्ली कुठं गेली? हद्दी सोयीनं आखायच्या या खेळाला नाव पडलं अमेरिकेत, 1812 साली. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी पक्षाच्या सोयीच्या रचनेला मंजुरी दिली. त्यातला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा दिसला, म्हणून 'गेरीमँडर'.

लोकसभा-विधानसभेसाठी आपण ही पेन्सिल आमदारांच्या हाती दिली नाही. मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या परिसीमन आयोगावर आमदार-खासदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मत नसतं. 2008 च्या फेररचनेत कराड लोकसभा मतदारसंघच गेला. फलटण-माण माढ्याला आणि इस्लामपूर-शिराळा हातकणंगल्याला जोडले गेले. विधानसभेच्या जागा साताऱ्यात 10 वरून 8 झाल्या, सांगलीत 9 वरून 8. कुरबुरी झाल्या, पण कारण जनगणनेचं होतं.

महापालिकेत मात्र प्रभाग किती सदस्यांचा, हे राज्याचा कायदा ठरवतो. मुंबई सोडून इतरत्र 2002 मध्ये तीन, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. चार निवडणुकांत चार आकडे. खरी मेख इथंच आहे, आणि नकाशावर ती दिसत नाही.

बाकी हिशेब सरळ आहे. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या सुमारे 5 लाख 3 हजार. 2018 ला जागा 78, प्रभाग 20, बहुतेक चार सदस्यांचे. म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी सुमारे 25,800. दहा टक्के कमी-जास्त चालतं, त्यामुळे 23,200 ते 28,400 पर्यंत मोकळीक. एवढ्यात एखादी हक्काची वस्ती आत घ्यायला किंवा बाहेर काढायला भरपूर जागा मिळते. म्हणूनच बंधनं आहेत: प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला घरांचा लहान गट, फोडायचा नाही, दलित वस्ती शक्यतो तोडायची नाही, नदी, रेल्वे, मोठा रस्ता ओलांडायचा नाही, क्रमांक उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेत संपवायचा. सांगलीवाडी कृष्णेपलीकडे, तिथं नदीचा नियम आणि लोकसंख्येचा नियम एकमेकांशी भांडू शकतात, आणि अशाच फटीतून सोय शिरते.

हरकत घेताना 'अन्याय झाला' एवढंच लिहिलेले अर्ज सुनावणीत टिकत नाहीत. प्रगणक गटाचा क्रमांक, त्याची लोकसंख्या, तो हलवल्यावर दोन्ही प्रभागांची होणारी बेरीज आणि कुठला नियम मोडला, एवढं एका पानावर लिहावं. सोबत नकाशावर लाल रेघ.