लाच कशाला म्हणायची? अमेरिकेतल्या लॉबिंगची मागची गोष्ट

इंडियाना राज्यात पोर्टेज नावाचं एक छोटं शहर आहे. २०१३ साली तिथल्या पालिकेने एकाच विक्रेत्याकडून कचऱ्याचे पाच ट्रक घेतले, सुमारे ११ लाख डॉलरचे. पुढच्या वर्षी त्या विक्रेत्याने महापौर जेम्स स्नायडर यांच्या नावाने १३ हजार डॉलरचा चेक फाडला. महापौर म्हणाले, ही सल्ल्याची फी. सरकारी वकील म्हणाले, ही कंत्राटाची परतफेड. ज्यूरीने दोषी ठरवलं, पावणेदोन वर्षांची शिक्षा झाली. प्रकरण वर वर चढत सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २६ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. ज्या केंद्रीय कायद्याखाली खटला भरला होता तो लाचेला लागू होतो, म्हणजे आधी ठरवून घेतलेल्या पैशाला. काम उरकल्यावर खुशीने दिलेल्या बक्षिसीला नाही.

आपल्याकडे याला चहापाणी म्हणतात. ‘साहेब, काम झालं, घरी पेढे न्या,’ म्हणत सरकवलेलं पाकीट. हा निकाल राज्यांच्या आणि गावोगावच्या अधिकाऱ्यांपुरता आहे, हे खरं. केंद्राच्या नोकरांना बक्षिसीही चालत नाही, त्याचं कलम वेगळं. राज्यांनाही आपापले कायदे कडक ठेवायला मोकळीक आहे. तरीही लाच आणि चहापाणी यांच्यामधली रेघ खुद्द सर्वोच्च न्यायालयाने आखून द्यावी, इथवर अमेरिका कशी आली, हे बघण्यासारखं आहे. कारण दीडशे वर्षांपूर्वी याच न्यायालयाचा सूर अगदी उलटा होता.

ती गोष्ट निकोलस ट्रिस्ट नावाच्या माणसाची. १८४८ साली मेक्सिकोशी तह केला तो याने. राष्ट्राध्यक्ष पोक यांनी परत बोलावलं असतानाही तो तिथे ठाण मांडून बसला आणि ज्या तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेच्या पदरात पडलं तो तह करूनच उठला. सरकारने बदल्यात त्याचे पैसे थकवले. जवळपास वीस वर्षांनी ट्रिस्टने बॉस्टनचे वकील लायनस चाइल्ड यांना गाठलं: काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, माझे पैसे सोडवा, चौथा हिस्सा तुमचा. चाइल्ड वारले, मुलाने काम पुढे नेलं. या मुलाने ट्रिस्टला लिहिलेलं एक पत्र कोर्टाच्या दप्तरात आलं. तुमच्या मित्रांना सांगा, त्यांनी लगेच कुठल्याही सदस्याला लिहावं; एकेक मत मोलाचं आहे; सदस्याला त्या विषयाचं काही पडलेलं नसतं, नुसत्या विनंतीवरही तो मत देऊन टाकतो. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी लॉबिंग करणाऱ्या, म्हणजे सदस्यांची मनं वळवणाऱ्या, आजच्या कुठल्याही कंपनीच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला तरी सापडलेलं नाही.

१८७१ साली काँग्रेसने १४,५५९ डॉलर मंजूर केले आणि ट्रिस्टने चौथा हिस्सा द्यायला नकार दिला. मुलगा कोर्टात गेला. १८७४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असा करारच मुळात सार्वजनिक हिताविरुद्ध, त्यामुळे तो रद्द. उद्या देशातल्या बड्या कंपन्या आपल्या फायद्याचे कायदे करून घ्यायला भाडोत्री माणसं नेमू लागल्या, तर कोणताही सरळ मनाचा माणूस दोघांनाही भ्रष्टच म्हणेल, अशा अर्थाचं वाक्य त्या निकालात आहे. ‘उद्या नेमू लागल्या तर’ ही न्यायमूर्तींची भीड म्हणायची, कारण नेमणं कधीच सुरू झालं होतं.

राज्यघटनेतली एक खिडकी या सगळ्याच्या मुळाशी आहे. १७९१च्या पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याबरोबरच सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क दिला. गाऱ्हाणं स्वतः मांडायचं की पगारी माणसाकरवी, याबद्दल घटना काही बोलत नाही. पुढची सगळी वकिली त्या गप्प राहण्यावर उभी आहे.

(‘लॉबी’ शब्दाची एक दंतकथा वॉशिंग्टनचे वाटाडे पर्यटकांना अजून ऐकवतात: राष्ट्राध्यक्ष ग्रँट संध्याकाळी विलर्ड हॉटेलच्या लॉबीत सिगार ओढत बसत, तिथे कामं घेऊन येणारे ते लॉबिइस्ट. कथा छान आहे, पण ग्रँट सत्तेवर आले १८६९ मध्ये आणि शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता.)

ग्रँट यांच्या काळात गाजलं ते क्रेडिट मोबिलिए प्रकरण. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या संचालकांनी रूळ टाकायला आपलीच दुसरी कंपनी काढली. ही कंपनी रेल्वेला फुगवलेली बिलं लावायची, रेल्वे ती सरकारी मदतीच्या जोरावर चुकवायची. एक खिसा सरकारचा, दुसरा आपला. चौकशी होऊ नये म्हणून मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस सदस्य ओक्स एम्स यांनी सहकाऱ्यांना या कंपनीचे शेअर मूळ किमतीत वाटले. कुणाकडे पैसे नसतील तर शेअरची किंमत लाभांशातूनच वळती व्हायची, म्हणजे फुकटच. जिथे सगळ्यात जास्त उपयोग होईल तिथे शेअर ठेवतोय, असं एम्स यांनी पत्रात लिहून ठेवलं होतं. कागदावर! सप्टेंबर १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ या दैनिकाने ते छापलं. उपाध्यक्ष कोलफॅक्स यांचं राजकारण संपलं, एम्स यांच्यावर सभागृहाने ठपका ठेवला, आणि तुरुंगात कुणीही गेलं नाही. यादीतले एक नाव जेम्स गारफिल्ड. त्यांना ३२९ डॉलर लाभांश मिळाल्याचा आरोप होता. १८८०च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी भिंती, फुटपाथ, जिन्याच्या पायऱ्या, मिळेल तिथे खडूने ३२९ आकडा लिहिला. गारफिल्ड निवडून आले.

‘सन’ने प्रकरण फोडलं म्हणून त्या काळच्या पत्रकारितेची आरती ओवाळायचं कारण नाही. कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, पत्रकार कक्षात बसणाऱ्यांपैकी काहीजण एका हाताने बातमी लिहीत आणि दुसऱ्या हाताने एखाद्या कंपनीचा पगार घेत. काही लॉबिइस्ट तर वार्ताहराच्या नावावर आत बसत. शेवटी १८७०चं दशक संपता संपता वार्ताहरांनीच आपली समिती नेमली आणि कक्षात कुणाला बसू द्यायचं याचे नियम केले. तिकडे जॉर्जियाने १८७७च्या राज्यघटनेत लॉबिंग हा सरळ गुन्हाच ठरवून टाकला.

निवडणुकीत कंपन्यांचा पैसा घाऊक प्रमाणात आला तो १८९६ मध्ये. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅकिन्ली यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी बँकांवर भांडवलाच्या पाव टक्के अशी चक्क पट्टीच बसवली. स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. १९०५ साली न्यूयॉर्कमधल्या विमा कंपन्यांच्या चौकशीत उघड झालं की पॉलिसीधारकांच्या पैशातून थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रचाराला वर्गणी गेली होती. गहजब झाला आणि १९०७ मध्ये कंपन्यांनी केंद्रीय निवडणुकीत देणगी देण्यावर बंदी आली. हा कायदा आणणारे सिनेटर टिलमन दक्षिणेतले कट्टर वर्णद्वेषी होते, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

टीपॉट डोम प्रकरणात मला सर्वात बोलकी वाटते ती एका वर्तमानपत्राची वागणूक. वायोमिंगमधला टीपॉट डोम हा नौदलाचा राखीव तेलसाठा सरकारी जमिनींचं खातं सांभाळणारे मंत्री अल्बर्ट फॉल यांनी १९२२ साली निविदा न काढता तेलसम्राट हॅरी सिंक्लेअर यांना देऊन टाकला. कॅलिफोर्नियातला साठा एडवर्ड डोहेनी यांना, ज्यांच्या मुलाने एका काळ्या बॅगेत एक लाख डॉलर रोख फॉल यांना नेऊन दिले होते. ‘डेन्व्हर पोस्ट’ने या व्यवहारावर झोड उठवली आणि मग एकाएकी तिचा आवाज बसला. १९२४ साली सिनेटच्या समितीपुढे कारण बाहेर आलं: मधल्या काळात पत्राचे मालक बॉनफिल्स आणि सिंक्लेअर यांच्यात लाखो डॉलरचा वेगळाच सौदा झाला होता. फॉल यांना लाच घेतल्याबद्दल १९२९ मध्ये शिक्षा झाली. तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी निर्दोष सुटले. घेणारा दोषी, देणारा निर्दोष. हा हिशेब कुणाला लागला असेल तर त्याने सांगावा.

१९४६ मध्ये लॉबिइस्टांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा आला, पण त्यात पळवाटाच जास्त. नीट नोंदणी व्हायला १९९५चा नवा कायदा लागला.

१९७१ हे मात्र सावकाश बघण्याचं वर्ष. १२ मार्चला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कृषिमंत्र्यांनी जाहीर केलं, दुधाचा आधारभाव वाढणार नाही. २३ मार्चला दूध संघांचे पुढारी व्हाइट हाउसमध्ये निक्सन यांना भेटले. प्रचारासाठी २० लाख डॉलर उभे करण्याची बोली आधीच झालेली होती. २५ मार्चला भाववाढ जाहीर. तेरा दिवसांत घूमजाव! दूधदरासाठी टँकर रस्त्यावर ओतावे लागतात तिथल्या वाचकाला हा वेग चटका लावून जाईल. पुढे निक्सन यांचं पद घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीत अमेरिकन एअरलाइन्स, गल्फ ऑइल अशा कंपन्यांच्या बेकायदा देणग्याही निघाल्या आणि १९७४ मध्ये निवडणूक खर्चावर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला.

पण त्याच १९७१च्या ऑगस्टमध्ये रिचमंडचे वकील लुइस पॉवेल यांनी अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्ससाठी, म्हणजे उद्योजकांच्या संघटनेसाठी, एक गोपनीय टिपण लिहिलं होतं. पॉवेल तेव्हा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या संचालक मंडळावर होते. टिपणाचा आशय असा, की उद्योगांवर चहूबाजूंनी हल्ला होतोय. विद्यापीठं, न्यायालयं, राजकारण सगळीकडे संघटितपणे उतरा. टीव्हीवर पाठ्यपुस्तकांसारखी सतत नजर ठेवा. दोन महिन्यांत निक्सन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयासाठी निवडलं. १९७६ साली या न्यायालयाने उमेदवारांच्या खर्चावरच्या मर्यादा उडवल्या, कारण पैसा खर्च करणं हा अभिव्यक्तीचाच भाग. १९७८ मध्ये बॉस्टनच्या एका बँकेच्या खटल्यात सार्वमताच्या प्रचारावर खर्च करायचा कंपन्यांचा हक्क मान्य झाला. निकालपत्र पॉवेल यांचं. २१ जानेवारी २०१० रोजी ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी उरलंसुरलं दारही उघडलं: उमेदवाराला थेट देणगी नको, पण त्याच्यासाठी स्वतंत्रपणे कितीही खर्च करा. २०१६ साली व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉनेल यांची शिक्षा एकमताने रद्द झाली. एका उद्योजकाकडून रोलेक्ससह पावणेदोन लाख डॉलरहून जास्तीच्या भेटी आणि कर्जं त्यांनी घेतली होती, पण त्याच्यासाठी नुसत्या बैठका घडवून आणणं हे ‘सरकारी कृत्य’ ठरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

हा सगळा पैसा शेवटी जातो कुठे? बराचसा टीव्हीच्या जाहिरातींत. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू दाखवायचं प्रसारकांवरचं १९४९पासूनचं बंधन १९८७ मध्ये निघालं. १९९६च्या कायद्याने रेडिओ केंद्रांच्या एकूण मालकीवरची देशपातळीवरची मर्यादा काढली आणि काही वर्षांत क्लिअर चॅनल ही एकटी कंपनी हजारावर केंद्रांची धनीण झाली. २०१६च्या निवडणुकीच्या धामधुमीत सीबीएस या टीव्ही कंपनीचे प्रमुख लेस मूनवेस गुंतवणूकदारांना म्हणाले, हे अमेरिकेसाठी चांगलं नसेलही, पण सीबीएससाठी झकास आहे.

कोकणाला हे प्रकरण परकं नाही. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी एन्रॉनने बांधकाम सोडून सुमारे दोन कोटी डॉलर नुसत्या ‘शिक्षणा’वर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर खर्च केले, असं कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे स्वतःच सांगितलं होतं. कुणाला काय शिकवलं, हा प्रश्न महाराष्ट्रात पुढे कित्येक वर्षं विचारला गेला. त्या ऑगस्टमध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, पुढे नव्या अटींवर पुन्हा घेतला. अमेरिकेच्या सरकारी वित्तसंस्थेचे पैसे त्यात अडकले होते. जून २००१ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांनी वॉशिंग्टनला गेलेल्या सोनिया गांधींकडे दाभोळचा विषय काढला. त्याच डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

आणि २२ नोव्हेंबर २००३ची ती पहाट. ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत औषधांचा समावेश करणारं विधेयक प्रतिनिधिगृहात मताला आलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. मतदान एरवी पंधरा मिनिटांत आटोपतं. या वेळी विधेयक पडतंय असं दिसताच सभापतींनी ते जवळपास तीन तास उघडं ठेवलं, सदस्यांना एकेक करून गाठण्यात आलं आणि उजाडता उजाडता २२० विरुद्ध २१५ मतांनी ते तरलं. खर्चाचा खरा अंदाज काँग्रेसला कळवलात तर नोकरी जाईल, अशी तंबी योजनेच्या मुख्य विमागणितज्ञांना मिळाल्याचं नंतर उघड झालं. कायद्यात एक कलम होतं: सरकारने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायची नाही. इतका मोठा गिऱ्हाईक आणि त्यालाच भाव करायची मनाई! मंडईतली म्हातारीसुद्धा हसेल. विधेयक पुढे रेटणाऱ्यांतले एक, ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन, जानेवारी २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. यात बेकायदा काहीच नव्हतं.

घासाघीस करायची परवानगी सरकारला मिळाली ती २०२२च्या कायद्याने, तीही सुरुवातीला दहा औषधांपुरती. त्यांचे नवे भाव लागू करण्याची तारीख ठरली १ जानेवारी २०२६.