अळवावरचं पाणी, पण सांगू तिकडे जाणारं

पावसात खिडकीच्या काचेवर कितीतरी थेंब जागच्या जागी बसलेले दिसतात. काच उभी, खाली ओढायला गुरुत्वाकर्षण हजर, थेंबाची खालची बाजू फुगलेली, वरची चपटी झालेली, पण गडी हलत नाही. काचेवरची धूळ आणि बारीक ओरखडे यांना त्याची कड धरून बसलेली असते. रक्ततपासणीसारख्या कामांसाठी थेंबाला विजेने चालवू पाहणाऱ्यांचं खरं भांडण या कडेशी आहे. वीज त्या मानाने सोपी.

आणि जुनीही. पाऱ्यावर आम्लमिश्रित पाणी असताना विद्युतदाब बदलला की पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो आणि बारीक नळीतला पारा वर-खाली होतो, हे गाब्रिएल लिपमन या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1875 मध्येच मांडलं होतं. (त्यांना 1908 चं नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी!) पाण्याच्या थेंबाबाबत अडचण अशी, की तो थेट धातूवर ठेवून एक-दोन व्होल्टच्या पुढे गेलं की पाण्याचंच विघटन होऊन बुडबुडे येऊ लागतात. 1993 मध्ये ब्रुनो बर्ज यांनी मध्ये विद्युतरोधक पातळ थर घातला. आता प्रवाह वाहत नाही. थराच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध भार जमतात आणि थेंबाची कड बाहेर ओढली जाते. टेफ्लॉनसारख्या लेपावर टम्म बसलेला थेंब पसरतो, वीज बंद केली की पुन्हा गोळा होतो. हा परिणाम विद्युतदाबाच्या वर्गावर (दाब गुणिले दाब) अवलंबून असल्यामुळे धन-ऋण टोकं उलटी जोडली तरी बिघडत नाही.

थेंब चालवायचा तर खाली सलग पत्र्याऐवजी छोट्या चौकोनी इलेक्ट्रोडची (वेगवेगळे चालू-बंद करता येणाऱ्या धातूच्या तुकड्यांची) रांग मांडतात. शेजारचा चौकोन चालू केला की थेंबाची तेवढीच बाजू पसरते आणि सगळा थेंब तिकडे सरकतो. त्यासाठी थेंब चौकोनापेक्षा किंचित मोठा लागतो, कारण कड पुढच्या चौकोनाला शिवलीच नाही तर ओढणार कशाला? दोन्ही बाजूंचे चौकोन चालू आणि मधला बंद ठेवला तर थेंबाची कंबर बारीक होत जाते आणि एकाचे दोन होतात. मला यातलं हेच सगळ्यात देखणं वाटतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 2000 साली साधारण एक मायक्रोलिटरचे थेंब 40 ते 80 व्होल्टवर सेकंदाला 3 सेंटिमीटर या सरासरी वेगाने पळवले गेले.

ते थेंब सिलिकॉन तेलात बुडवलेले होते, आणि ही बाब दुय्यम नाही. तेलामुळे कडेची पकड सुटते. हीच गोष्ट पुढे पृष्ठभागातच मुरवली गेली. 2011 मध्ये हार्वर्डच्या जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीवरून धडा घेतला. (भारतात ती मेघालयात सापडते.) तिच्या सुरईचा काठ ओला झाला की किड्याचा पाय पाण्याच्या थरावरून घसरतो आणि किडा आत पडतो. संशोधकांनी सच्छिद्र थरात वंगण जिरवलं. थेंबाला मग घन पृष्ठभाग लागतच नाही, तो तेलावर बसतो, आणि तेलाला ना ओरखडे ना खाचा. पृष्ठभाग नुसता कलता केला तरी थेंब घरंगळतो. विजेचं काम तेवढंच हलकं होतं. शिवाय रक्तातली प्रथिनं कोरड्या टेफ्लॉनला चिकटून थेंब अडवतात, तो त्रासही कमी होतो.

हे फुकट मिळत नाही. थेंबाच्या पायथ्याशी तेलाची बारीक वरंबी उभी राहते आणि चालताना थेंबाला ती ओढत न्यावी लागते. म्हणून घट्ट तेलावर थेंब अडत नाही, पण रेंगाळतो. पातळ तेल घ्यावं तर ते लवकर संपतं: काही तेलं थेंबाभोवती पातळ पांघरूण घालतात आणि प्रत्येक थेंब जाताना थोडं तेल घेऊन जातो.

एकदाच वापरून टाकायच्या तपासणी-कार्ट्रिजमध्ये (नमुना ज्यात घालून तपासतात त्या छोट्या डबीत) पृष्ठभाग वर्षानुवर्षं टिकायची गरजच नसते. नवजात बाळाच्या टाचेतून घेऊन कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून पॉम्पे, गॉशे यांसारखे चार दुर्मीळ चयापचय-विकार हुडकणाऱ्या अशा एका यंत्रणेला अमेरिकेच्या औषध नियामकाने 2017 मध्ये परवानगी दिली. त्यात नमुना आणि रसायनं यांचे थेंब असेच विजेने एकमेकांत मिसळले जातात.