भोंगा ऐकला होता का?

मार्च १९९१. आखाती युद्ध संपलं होतं, आवराआवर चालू होती. दक्षिण इराकमधल्या खमिसिया इथला दारूगोळा अमेरिकी सैनिकांनी सुरुंग लावून उडवला. त्यात सरीन आणि सायक्लोसरीन हे विषारी वायू भरलेली १२२ मिलिमीटरची रॉकेटंही होती. पेंटागॉननं हे मान्य केलं १९९६ मध्ये. मग त्या दिवसांतलं वारं संगणकावर उभं करून पाहिलं, तर सुमारे एक लाख सैनिक ढगाच्या वाटेत असावेत असं निघालं.

युद्धावर गेलेल्या सुमारे सात लाख अमेरिकी सैनिकांपैकी निदान चौथा हिस्सा पुढे आजारी पडला. न हटणारा थकवा, विसरभोळेपणा, सांधेदुखी. बराच काळ याचं खापर मानसिक ताणावर फुटलं.

कारण शोधायचं कसं? एक संशय युरेनियमवर होता; अंगात गेलेलं युरेनियम वर्षानुवर्षं लघवीत उतरत राहतं. म्हणून २०२१ मध्ये या सैनिकांची लघवी तपासून, रणगाडाभेदी गोळ्यांतलं युरेनियम दोषी नाही असं सांगता आलं. सरीन असा माग ठेवत नाही. काही आठवड्यांत रक्तातून त्याची खूण पुसली जाते. उरते ती आठवण, आणि तिचा काय भरवसा? पोट दुखू लागलं की काल काय काय खाल्लं ते सगळं आठवतं; ज्याचं दुखत नाही त्याला जेवलो एवढंच आठवतं.

टेक्सासमधले संशोधक रॉबर्ट हेली यांच्या गटानं यातून काढलेली वाट मला फार आवडते. आपल्या रक्तात पॅराऑक्सोनेज-१ नावाचं एन्झाइम असतं. त्याचा ‘क्यू’ प्रकार सरीन झपाट्यानं तोडतो, ‘आर’ प्रकार त्यात मंद. कुणाला कुठला मिळणार ते आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. (सरीन हे ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातलं. आपल्या कापूसपट्ट्यात वर्षानुवर्षं फवारलं गेलेलं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशकही त्याच कुळातलं, आणि मज्जातंतूंच्या ज्या एन्झाइमला सरीन जखडतं त्यालाच तेही जखडतं.)

हेलींनी ५०८ आजारी आणि ५०८ निरोगी माजी सैनिक घेतले. रक्त तपासलं आणि विचारलं: रासायनिक हल्ल्याचा भोंगा ऐकला होता का? २०२२ मध्ये आकडे आले. दोन्ही जनुकं ‘क्यू’ असलेल्यांत भोंगा ऐकणाऱ्यांची आजारी असण्याची शक्यता, न ऐकणाऱ्यांच्या मानानं, ३.७५ पट होती. एकेक असलेल्यांत ४.४३ पट, दोन्ही ‘आर’ असलेल्यांत ८.९१ पट. आजारी माणूस भोंग्याची आठवण फुगवून सांगेलही. पण आपलं जनुक कुठलं हे त्याला ठाऊकच नसतं, तर त्याची आठवण अशी जनुकांच्या पायऱ्या धरून चढेल कशी?

सरीन किती अंगात गेलं, हे यातून कळत नाही. सैनिकांना तेव्हा विषवायूपासून बचावाच्या गोळ्याही दिल्या होत्या, कीटकनाशकंही सढळ हातानं वापरली होती. ती धरूनही हिशेब तपासला, तरी सरीनचा धागा टिकला.

ते भोंगे हजारो वेळा वाजले होते. खोटे वाजले, असं तेव्हा सांगण्यात आलं.