ऊन मुबलक, पण गच्चीवर सावली कुणाची?

ऊन भरपूर असलेल्या शहरात सौरवीज घ्यायची म्हटलं की आधी विषय निघतो पॅनेलच्या कंपनीचा. माझ्या मते आधी गच्चीवर जाऊन सावल्या बघाव्यात.

उन्हाची वाण नाहीच. निरभ्र दुपारी चौरस मीटरभर जागेवर सुमारे 1000 वॅट ऊर्जा पडते. 1954 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौरघट, म्हणजे उन्हापासून वीज करणारा पॅनेलमधला छोटा तुकडा, जगाला दाखवला, तेव्हा त्यातली जेमतेम 6 टक्के विजेत उतरत होती. आजची घरगुती पॅनेलं 20 टक्क्यांपुढे गेली आहेत. पाचेक चौरस मीटर पॅनेलातून एक किलोवॅट मिळतो आणि अशा शहरात तो दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. तीन किलोवॅट बसवले की फ्रिज, पंखे, दिवे आणि वॉशिंग मशीन आरामात निघतात.

गंमत अशी, की रणरणत्या उन्हाळ्यात पॅनेल थोडं मंदावतं. त्याच्यावर छापलेली क्षमता घटाचं तापमान 25 अंश धरून मोजलेली असते. भर दुपारी तेच 65 अंशांवर जातं आणि प्रत्येक अंशामागे साधारण 0.35 टक्के वीज घटते. म्हणजे 14 टक्के गेलेच! पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता खालून वारा खेळता ठेवतात, तो यासाठीच.

सावली मात्र याहून वाईट. पॅनेलमधले घट एकापुढे एक जोडलेले असतात. पाण्याचा पाइप एका जागी पिरगळला की सगळी धार बारीक होते, तसंच इथे होतं. म्हणून पॅनेलमध्ये बायपास डायोड बसवतात. ते बाधित भाग वगळून वीज पुढे नेतात, पण सहसा पॅनेलला तीनच डायोड असतात. टाकीची सावली एका कोपऱ्यावर आली, तरी एक तृतीयांश पॅनेल बाद होऊ शकतं.

तेव्हा हिवाळ्यात, सूर्य खाली असताना, खडू घेऊन गच्चीवर जा. नऊ, बारा आणि तीन वाजता टाकी, कठडा, जिन्याची खोली, शेजारची इमारत यांच्या सावल्यांच्या कडा आखा. सूर्य 30 अंशांवर असताना मीटरभर उंच कठड्याची सावली पावणेदोन मीटरपर्यंत पोचते. तिन्ही वेळा कोरी राहिलेली फरशी मोजा. पॅनेलांची जागा तेवढीच.