क्वेकर घरी नेण्याआधी हे वाचा

दुकानात पाऊल टाकल्याबरोबर क्वेकर जातीच्या पोपटाचं पिल्लू बोटावर येऊन बसतं, मान हलवत थरथरतं आणि माणूस तिथंच पाघळतो. ही थरथर आजाराची नाही. खायला मागताना पिल्लू असंच करतं, आणि या थरथरीवरूनच (इंग्रजीत ‘क्वेक’ म्हणजे थरथरणं) त्याला क्वेकर म्हणू लागले असं बरेच जण मानतात. पण पाघळलेल्या अवस्थेत पक्षी विकत घेऊ नये. तो नीट सांभाळला तर २० ते ३० वर्षं जगतो. आज चौथीत असलेली तुमची मुलगी तोवर संसाराला लागलेली असेल.

याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत: अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, ब्राझीलचा दक्षिण भाग. लांबी साधारण २९ सेंटीमीटर. अंग हिरवं, तोंड आणि छाती राखाडी. निळ्या रंगाचेही मिळतात, पण स्वभाव रंगावर ठरत नाही. स्वभाव ठरतो तो घरट्यावर. बाकीचे बहुतेक पोपट झाडाची ढोली शोधतात. हा एकटाच काटक्या जमवून घरटं बांधतो. अनेक जोड्या मिळून एकच मोठा काटक्यांचा भारा रचतात, आत प्रत्येक जोडीची खोली वेगळी, दार वेगळं. अंडी असोत वा नसोत, वर्षभर रात्री मुक्काम तिथंच. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप कळेल.

आमच्या दुकानातला क्वेकर खराट्याचा हीर मिळाला की चोचीत आडवा धरतो, पिंजऱ्याच्या गजातून बाहेर ढकलतो, बाजूच्या फटीतून परत आत ओढतो आणि पायाने दाबून बघतो, घट्ट बसला का. ढिला वाटला तर उपसून पुन्हा. अर्धा तास सहज जातो. त्या वेळी त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं. मात्र त्याच वेळी वाटी बदलायला हात आत घातलात, तर चावा बसणारच. बोटावर गोडीत बसणारा पक्षी पिंजऱ्यात असा का वागतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात. पिंजरा हे त्याचं घर आहे आणि तो घर राखतोय, इतकंच. आधी त्याला दांडीवर घेऊन बाहेर काढा, दुसऱ्या खोलीत न्या, मग वाट्या धुवा, कागद बदला. मारणं, ओरडणं, पिंजऱ्यावर थापा देणं कधीच नको. विश्वास एकदा उडाला की परत यायला महिने लागतात. हीर, कडुलिंबाच्या कोवळ्या काड्या, सुतळीऐवजी कागदाच्या पट्ट्या देत राहा. सुतळीचे धागे पायाला गुंडाळतात. पिंजरा निदान दोन फूट लांब, रुंद, उंच हवा, आणि रोज दोन-तीन तास बाहेर मोकळं फिरणं.

बोलतो का? बोलतो, आणि छान बोलतो, नर-मादी दोघंही. नुसतं बघून नर-मादी ओळखता येत नाही, त्यासाठी पिसाची डीएनए तपासणी करावी लागते. पण प्रत्येक पक्षी बोलेलच याची हमी आम्ही देत नाही. आवाज मात्र प्रत्येकाचा चढाच असतो. पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी विचारा.

खाण्यात सगळ्यात मोठी चूक सूर्यफुलाच्या बियांची. त्याला फार आवडतात म्हणून वाटीभर दिल्या जातात, आणि या जातीचं यकृत चरबीने लवकर बिघडतं. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारे खाद्याचे दाणे), भिजवून मोड आणलेले मूग-हरभरे, पालक, गाजर, शेवग्याचा पाला, थोडं राळं. बिया फक्त बक्षीस म्हणून. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा मुळीच नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारी वाफ काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेते, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल त्या खोलीत लावू नका. आणि पक्षी बाहेर काढण्याआधी छताचा पंखा बंद. हे आम्ही हात जोडून सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. आपला राघू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळता येत नाही. कुणी आमच्याकडे मागू नये. क्वेकर परदेशी असल्याने चालतो, पण २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या वेबसाइटवर नोंदणी करावी लागते. कागद आम्ही भरून देतो. नको झाला म्हणून मात्र बाहेर सोडू नका. पाळीव पक्षी सुटूनच बार्सिलोना आणि शिकागोत यांच्या वसाहती झाल्या, आणि फ्लोरिडात यांच्या विजेच्या खांबावरच्या घरट्यांनी वीज जाते. जमलंच नाही तर आमच्याकडे परत आणा, आम्ही काही विचारणार नाही.

घरात दिवसभर कुणीच नसेल तर आम्ही क्वेकर देत नाही. एकटा पडलेला क्वेकर स्वतःचीच पिसं उपटतो, आणि उघडी पडलेली लाल छाती आम्ही पुरेशा वेळा पाहिली आहे.

या पत्रकाच्या मागे रकाने आखले आहेत. पहिला महिना रोज सकाळी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर त्याचं वजन करून ग्रॅममध्ये लिहा. पक्षी आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही. सलग तीन दिवस आकडा उतरला, किंवा पक्षी दिवसा पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या आणि हा कागद सोबत ठेवा.