चिन्हाचे दोन वाचक

स्टार-डेल्टा स्टार्टरच्या, म्हणजे मोटर आधी ‘स्टार’ जोडणीत सुरू करून मग ‘डेल्टा’ जोडणीत नेणाऱ्या यंत्रणेच्या, कंट्रोल वायरिंगची आकृती समोर धरली, की टायमरच्या एका कॉन्टॅक्टच्या (वीजमार्ग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) तिरक्या रेषेला डाव्या बाजूने जोडलेला एक छोटा कंस त्यात बहुधा दिसतो. हा कंस म्हणजे पॅराशूट, असे एकदा मनात धरले की त्याचा अर्थ विसरत नाही. तिरकी रेषा हे कॉन्टॅक्टचे पाते असते, आणि उभ्या मांडणीच्या आकृतीत टायमर चालू झाल्यावर ते डावीकडून उजवीकडे सरकते असे मानले जाते. पॅराशूटचे तोंड पात्याकडे असेल, तर उजवीकडे जाताना त्यात हवा भरते आणि पाते रेंगाळते. परत येताना मात्र पॅराशूट मिटते आणि पाते झटकन मागे येते. म्हणजेच हा कॉन्टॅक्ट वीज आल्यावर उशिरा जुळतो आणि वीज गेल्यावर लगेच सुटतो. तोच कंस पात्याकडे पाठ करून काढला, तर अर्थ नेमका उलटतो: वीज येताच जुळणारा, पण वीज गेल्यावर काही वेळाने सुटणारा कॉन्टॅक्ट. कागदावर हा फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या एका कंसाचा असतो. पॅनेलमध्ये मात्र मोटर स्टारमधून डेल्टात केव्हा जाणार, आणि मुळात जाणार की नाही, हे त्यावर ठरते.

अशा चिन्हांना काही एक शिस्त असावी यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग, म्हणजे १९०६ साली लंडनमध्ये स्थापन झालेली आयईसी, आयईसी ६०६१७ या मानकात ती नोंदवून ठेवते. आपल्याकडे भारतीय मानकांच्या आयएस १२०३२ या मालिकेत हाच विषय येतो. शाळेच्या पुस्तकात रोधासाठी नागमोडी रेषा आणि कारखान्याच्या आकृतीत साधा आयत का दिसतो, याचे उत्तरही इथेच आहे: नागमोडी रेषा अमेरिकी वळणाची, आयत आयईसीचा. एक नियम मात्र सगळीकडे सारखाच पाळला जातो. कॉन्टॅक्ट नेहमी वीज नसताना ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत काढायचा.

आता ही चिन्हे हाताने फारसे कोणी काढत नाही. महागडी व्यावसायिक सॉफ्टवेअरे ज्यांना परवडत नाहीत अशा लहान पॅनेल बनवणाऱ्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ‘क्यूइलेक्ट्रोटेक’ हा मुक्त-स्रोत प्रोग्रॅम चांगला आधार आहे. त्याची सुरुवात २००६ च्या सुमारास फ्रान्समध्ये झाली. जीपीएल परवान्यामुळे तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो. त्याच्या मूळ संहितेतील संदेश फ्रेंचमध्ये लिहिलेले आहेत, त्यामुळे अनुवाद राहून गेलेले एखादे वाक्य इंग्रजी पडद्यावर अचानक फ्रेंचमध्ये उमटते. पहिल्यांदा ते पाहून प्रोग्रॅम बिघडल्याचा संशय येतो. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नसते.

प्रोग्रॅमबरोबर हजारो तयार चिन्हांचा संग्रह येतो आणि तरीही कधी ना कधी हवे ते चिन्ह त्यात सापडत नाही. मग चिन्ह स्वतः तयार करावे लागते, आणि नवख्या माणसाच्या अडचणी इथूनच सुरू होतात. माझ्या अनुभवात या अडचणींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. चिन्हाला दोन वाचक असतात: एक माणसाचा डोळा आणि दुसरा स्वतः प्रोग्रॅम. डोळा रेषा आणि कंस वाचतो. प्रोग्रॅमच्या लेखी त्या रेषांना काहीही अर्थ नसतो. तो वाचतो ती टर्मिनले (वायर जोडण्याचे बिंदू), त्यांच्या दिशा, चिन्हाचा जाहीर केलेला प्रकार आणि मजकुराची क्षेत्रे. चित्र सुबक जमले म्हणून चिन्ह झाले असे समजणारा माणूस पहिल्या वाचकाला खूश करतो आणि दुसऱ्याला कोरा कागद देतो. चिन्हाला एकही टर्मिनल नसेल तर संपादक, म्हणजे प्रोग्रॅममधले चिन्ह बनवण्याचे साधन, तसा इशारा देतो, कारण टर्मिनलाशिवाय त्या चिन्हाला वायर जोडताच येत नाही.

वर वर्णन केलेला उशिरा जुळणारा कॉन्टॅक्टच बनवायला घेऊ. संपादकाच्या पाटीवर मध्यबिंदू शून्य-शून्य असतो. त्याच्या वर २० एककांवर एक टर्मिनल आणि खाली २० एककांवर दुसरे, अशी सुरुवात करावी. इथे शाळेतला आलेख विसरावा लागतो, कारण संगणकाच्या पडद्यावर उभा अक्ष खाली वाढतो; वरच्या टर्मिनलाचा आकडा उणे २० आणि खालच्याचा अधिक २० असतो. टर्मिनले १० च्या पटीतच का ठेवायची, याचे कारण आकृतीच्या पानावर कळते. त्या पानाची ग्रिड मुळात १० एककांची असते आणि ठेवलेले प्रत्येक चिन्ह तिच्यावर बसते. टर्मिनल उणे २० ऐवजी मध्यरेषेपासून ३ एकके बाजूला आणि उणे १७ वर पडले, तर चिन्ह ग्रिडवर बसूनही टर्मिनल ग्रिडबाहेर राहते, आणि सरळ खाली उतरायला हवी ती वायर मध्येच एक बारीक पायरी घेऊन उतरते. छापलेल्या आकृतीत अशी पायरी दिसली, की लोक वायर सरळ करण्यासाठी ती पुन्हा पुन्हा ओढत बसतात. दोष वायरीचा नसतो, चिन्हाच्या पोटात असतो. पाते, कंस आणि त्यांना जोडणाऱ्या दोन समांतर रेषा मात्र कितीही बारीक मापाने काढाव्यात. त्यांना ग्रिडचे बंधन नाही.

टर्मिनलाची दिशाही अशीच दुर्लक्षित राहते. प्रत्येक टर्मिनल उत्तर, दक्षिण, पूर्व किंवा पश्चिम यांपैकी एका दिशेला तोंड करून असते. दोन चिन्हे एका रेषेत आणली की त्यांच्यामध्ये वायर आपोआप जोडण्याची सोय क्यूइलेक्ट्रोटेकमध्ये आहे, आणि जोडीदार कोणत्या बाजूला शोधायचा हे टर्मिनलाच्या दिशेवरून ठरते. खालच्या टर्मिनलाचे तोंड चुकून उत्तरेला राहिले, तर ते आपल्याच चिन्हाच्या पोटात डोकावत राहते आणि खाली नेमक्या रेषेत ठेवलेल्या कॉइलकडे (वीज मिळाल्यावर कॉन्टॅक्ट हलवणाऱ्या वेटोळ्याकडे) त्याचे लक्षच जात नाही. हाताने ओढलेली वायर जोडली जाते, पण विचित्र वळसा घेऊन. जिथे वायर कारणाशिवाय वळसा घेते तिथे आधी टर्मिनलाची दिशा तपासावी.

यानंतर येतो चिन्हाचा प्रकार. कॉन्टॅक्टर (कॉइलच्या जोरावर मोटरची वीज जोडणारा स्विच) किंवा टायमर ही कपाटात एकच वस्तू असते, पण आकृतीत ती विखुरलेली असते: कॉइल तिसऱ्या पानावर, पॉवर कॉन्टॅक्ट पहिल्यावर, एखादा सहायक कॉन्टॅक्ट पाचव्यावर. हे सगळे एकाच वस्तूचे अवयव आहेत हे प्रोग्रॅमला सांगण्यासाठी कॉइलला ‘मास्टर’ आणि कॉन्टॅक्टला ‘स्लेव्ह’ असा प्रकार द्यावा लागतो. मग पानावर ठेवलेल्या कॉन्टॅक्टच्या गुणधर्मांत जाऊन तो अमुक कॉइलचा आहे असे जोडले, की कॉइलचे नाव कॉन्टॅक्टला मिळते आणि दोघांजवळही परस्परांचा पत्ता उमटतो. पान, आडवी ओळ आणि उभा रकाना यांवरून तो पत्ता तयार होतो. वायरमनला हा पत्ता किती उपयोगी पडतो हे रात्रपाळीत बंद पडलेल्या मशिनसमोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. चिन्ह बनवताना प्रकार बदलायचा राहिला तर ते ‘साधे’ म्हणून नोंदले जाते, आणि मग कितीही शोधले तरी त्याला कॉइलशी जोडण्याचा पर्याय दिसत नाही. मी स्वतः एक अख्खी दुपार हा पर्याय मेनूमध्ये शोधण्यात घालवली आहे. तो मेनूत नव्हताच, मी चिन्ह बनवताना गाळलेल्या एका निवडीत होता.

नाव मिळाले तरी ते दिसेलच असे नाही. चिन्हात दोन तऱ्हांचा मजकूर घालता येतो. एक स्थिर मजकूर, जो रेषेसारखाच चित्राचा भाग होतो, आणि दुसरे गतिक क्षेत्र, ज्यातला मजकूर चिन्ह पानावर ठेवल्यानंतर बदलू शकतो किंवा चिन्हाच्या माहितीतून आपोआप येऊ शकतो. नावासाठी गतिक क्षेत्र घेऊन त्याचा उगम ‘लेबल’ असा ठरवावा लागतो. तिथे नुसते ‘टी१’ असे टंकले, तर प्रत्येक टायमर जन्मभर टी१ राहतो.

टर्मिनलांजवळच्या आकड्यांचेही तसेच आहे, आणि या आकड्यांची भाषा थोडे थांबून समजून घेण्यासारखी आहे. कॉइलची टोके ए१ आणि ए२. तिन्ही पॉवर पोलची १-२, ३-४, ५-६. सहायक कॉन्टॅक्टचे आकडे मात्र दोन अंकी असतात. त्यातला पहिला अंक कॉन्टॅक्टचा अनुक्रम सांगतो आणि दुसरा अंक त्याचे काम: १-२ म्हणजे एनसी (वीज नसताना जुळलेला), ३-४ म्हणजे एनओ (वीज नसताना सुटलेला). म्हणून १३-१४ हा एनओ आणि २१-२२ हा एनसी, हे पाठ करण्याची गरज उरत नाही. विलंबासारखे खास काम करणाऱ्या कॉन्टॅक्टसाठी दुसरा अंक ५-६ किंवा ७-८ येतो. म्हणून कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर बसणाऱ्या टायमर ब्लॉकवर ५५-५६ हा एनसी आणि ६७-६८ हा एनओ असे छापलेले आढळते. मोटरवर जास्त भार आल्यास ती बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेवरचे ९५-९६ आणि ९७-९८ याच व्याकरणातून आलेले आहेत. आपल्या चिन्हात ६७ आणि ६८ स्थिर मजकूर म्हणून कोरले, तर पुढच्या वेळी १७-१८ हव्या असलेल्या कॉन्टॅक्टसाठी नवे चिन्ह बनवावे लागेल. ते गतिक क्षेत्रात ठेवले तर एकच चिन्ह सगळीकडे चालते.

सर्वांत जास्त गोंधळ उडवणारी तक्रार मात्र चिन्ह बनवण्याची नाही, दुरुस्त करण्याची आहे. चूक लक्षात येते, माणूस आपल्या संग्रहातले चिन्ह उघडतो, टर्मिनल जागेवर आणतो, जतन करतो आणि आकृतीकडे परततो. आकृतीत जुनेच चिन्ह तसेच बसलेले असते. प्रोग्रॅम बंद करून उघडला तरी तेच. याचे कारण असे, की चिन्ह पानावर टाकता क्षणी त्याची एक प्रत प्रकल्पाच्या फाइलमध्ये साठवली जाते आणि आकृती पुढे त्या प्रतीवरच चालते. ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि योग्यही आहे, कारण प्रकल्पाची फाइल दुसऱ्या संगणकावर पाठवली तर तिथे आपला संग्रह नसतो. प्रत सोबत असल्यामुळेच आकृती जशीच्या तशी उघडते. दुरुस्त केलेले चिन्ह पुन्हा पानावर ओढून टाकले, की हे चिन्ह आधीच प्रकल्पात आहे पण वेगळे दिसते, असे सांगून प्रोग्रॅम काय करायचे ते विचारतो. तिथे घाईघाईने पहिले बटण दाबू नये. जुने वापरणे, जुन्याच्या जागी नवे आणणे आणि दोन्ही शेजारी ठेवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसरी निवडली तर एकाच प्रकल्पात दोन जुळे चिन्हे नांदू लागतात, ज्यांतले चुकीचे कोणते हे महिन्याभराने कोणालाच आठवत नाही.

दुसरी एक चूक पडद्यावर अजिबात दिसत नाही. पानावर सजावटीसाठी, चौकटीसाठी साधी रेषा काढण्याचे साधन आहे, आणि नवखा माणूस तिचाच वायर म्हणून वापर करतो. छापल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण वायर म्हणजे टर्मिनलापासून टर्मिनलापर्यंत ओढलेला दुवा. तिला क्रमांक मिळतो आणि तोच पुढे फेरूलवर, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायच्या नळीवर, छापला जातो. रेषेला क्रमांक मिळत नाही, ती टर्मिनलाला बांधलेली नसते, आणि चिन्ह हलवले की ती जागच्या जागी मागे राहते. त्यामुळे शंका आली की चिन्ह जरा बाजूला सरकवून पाहावे: सोबत येते ती वायर.

काही वेळा चिन्हाची फाइल थेट उघडून पाहणे सोयीचे पडते. ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेली असते. टर्मिनलाच्या ओळीत दोन अंतरे आणि दिशेचे एक अक्षर सरळ वाचता येते, आणि वाकडी वायर कशामुळे येते हे संपादकापेक्षा इथे लवकर सापडते. हाताने बदल करायचा असेल तर आधी प्रत काढून ठेवावी. नावात ‘मोटर आणि पंप’ असे लिहिण्याऐवजी ‘आणि’साठी इंग्रजी & हे चिन्ह तसेच टाकले, तर एक्सएमएलच्या नियमांनुसार फाइल सदोष ठरते आणि वाचली जात नाही. चिन्हावर मराठी मजकूर लिहिण्याला काही अडचण नाही, पण फाइलमध्ये फॉन्टचे फक्त नाव जाते, फॉन्ट जात नाही. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तिथे दुसरा येतो आणि अक्षरांची रुंदी बदलून ती शेजारच्या वायरीवर चढतात. ग्राहकाला द्यायची आकृती म्हणून पीडीएफमध्येच द्यावी.

राहतो प्रश्न त्या कंसाचा. कंस उलटा काढला गेला तर प्रोग्रॅम तक्रार करणार नाही, कारण तो कंस वाचतच नाही. पण स्लेव्ह चिन्ह बनवताना कॉन्टॅक्ट साधा, पॉवरचा, उशिरा जुळणारा की उशिरा सुटणारा हेही निवडावे लागते, आणि मास्टरजवळचे संदर्भ कॉन्टॅक्टच्या छोट्या आकृत्यांच्या रूपात दाखवण्याची सोय आहे. त्या आकृत्या प्रोग्रॅम स्वतः काढतो, आपण जाहीर केलेल्या प्रकारावरून. म्हणून मी नवे चिन्ह एका कोऱ्या प्रकल्पात ठेवतो, स्पेसबारने ते एकदा फिरवून पाहतो, दोन्ही टर्मिनलांना वायर जोडतो, एका कॉइलशी त्याची गाठ बांधतो, आणि मग माझ्या हाताने काढलेला कंस कॉइलखाली प्रोग्रॅमने काढलेल्या कंसाशेजारी धरून पाहतो. दोन्ही पॅराशूटांची तोंडे एकाच बाजूला असली, की चिन्ह संग्रहात टाकतो.