स्टॅक्ड बार की डायव्हर्जिंग बार? सर्व्हेची उत्तरं कशात दाखवायची

'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' ही पाच पर्यायांची स्केल रेन्सिस लिकर्टने 1932 साली मांडली आणि आता ती सोसायटीच्या गूगल फॉर्मपर्यंत पोचलीये. चार्ट काढताना मात्र दोन प्रकारांत हमखास गल्लत होते, कारण दोन्हीत तेच रंगीत तुकडे एकमेकांना चिकटून असतात.

साध्या 100 टक्केवाल्या स्टॅक्ड बारमध्ये सगळे बार डावीकडे एकाच रेषेवर सुरू होतात आणि उजवीकडे एकाच रेषेवर संपतात, त्यामुळे दोन टोकांचे पर्याय पटकन कळतात, मधल्या तुकड्यांची तुलना मात्र डोळ्याला नीट जमत नाही. डायव्हर्जिंगमध्ये मधे शून्याची रेघ, असहमत डावीकडे, सहमत उजवीकडे, म्हणजे लोकांचा कल कुठे आहे ते बघताक्षणी दिसतं.

खरी गोची 'तटस्थ'ची. बरेच जण तो अर्धा इकडे अर्धा तिकडे टाकतात. आता समजा लिफ्टच्या प्रश्नाला 25 टक्के असहमत, 50 तटस्थ, 25 सहमत, आणि पार्किंगच्या प्रश्नाला 45, 10, 45. दोन्ही बार डावीकडे 50 आणि उजवीकडे 50 पर्यंतच जाणार, लांबून बघणाऱ्याला एकसारखेच वाटणार! पार्किंगवरून सोसायटीत उभी फूट आहे आणि लिफ्टचं निम्म्या लोकांना काही पडलेलंच नाही, हे सगळं त्यात बुडालं. म्हणून मी तर तटस्थचा वेगळा छोटा कॉलम बाजूला काढते, मग 25 आणि 45 दोन्ही शून्यापासूनच सुरू होतात आणि फरक लपत नाही.

एक्सेलमध्ये डायव्हर्जिंगचं तयार बटण नाही, असहमतचे आकडे मायनसमध्ये टाकायचे, सिरीजच्या (म्हणजे एकेका पर्यायाच्या आकड्यांच्या) क्रमात 'असहमत' आधी आणि 'पूर्ण असहमत' नंतर (नाहीतर टोकाचा तुकडा रेघेला चिकटतो) आणि नंबर फॉरमॅट 0;0 दिला की मायनसचं चिन्ह जातं. लीजंडचा (कुठला रंग कुठल्या पर्यायाचा ते सांगणाऱ्या यादीचा) क्रम यात उलटापालटा होतो, सरळ डिलीट करून वर हाताने लेबलं लिहा. लाल-हिरवा टाळा, रंगांधळ्या लोकांना तो एकच दिसू शकतो, निळा-केशरी चालतो.

आणि बॉसला फक्त 'पूर्ण असहमत किती' एवढंच हवं असेल तर डायव्हर्जिंगच्या फंदात पडूच नका, साधा स्टॅक्ड बार काढा, प्रश्न त्याच आकड्याने उतरत्या क्रमात लावा.